आईला जिममध्ये बोसूवर स्क्वॅट्स करायला लावतायत, बरोबर आहे का?

उपवनवाली:
आई ६६ वर्षांची, आम्ही ठाण्यात राहतो. मागच्या पावसाळ्यात बिल्डिंगच्या पायऱ्यांवर घसरली, हाड मोडलं नाही पण तेव्हापासून रिक्षातून उतरतानासुद्धा माझा दंड घट्ट धरते. म्हणून जिम लावली तर ट्रेनरने दुसऱ्याच आठवड्यात दोन्ही हातांत डंबेल देऊन तो अर्धा बॉल असतो ना, बोसू, त्यावर उभं केलं. पायाची बोटं रबरात रुतवलेली आणि श्वास रोखलेला, मला बघवेना. तो म्हणतो बॅलन्स याच्यानेच येतो. खरंय का?

फिजिओ_खारघर:
विचार चुकीचा नाही हो, पण घाई झालीय. तोल सांभाळायला मेंदू डोळे, आतला कान आणि पाय-घोट्यांतून येणारी जाणीव अशी तिन्हीकडून माहिती घेतो, आणि हलत्या जागेवर या सगळ्याचा सराव होतो. पण पायाखालचं हलायला लागलं की माणूस अंग ताठ धरतो, पूर्ण जोर लागत नाही, वजनही कमीच पेलवतं, मग मांड्यांना ताकद कुठून येणार? ताकदीचं काम जमिनीवरच करा, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं. बॅलन्सचं वेगळं, ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, मग फक्त एक बोट टेकून, ते जमलं की मग जाड फोमवर. डब्ल्यूएचओ पण ६५ च्या पुढे आठवड्यातून किमान ३ दिवस ताकद आणि तोल दोन्हीचे व्यायाम करा म्हणतं. आणि आईंना चक्कर येते का ते आधी विचारा प्लीज.

नेरूळ_रनर:
माझा घोटा दोनदा मुरगळला होता, वॉबल बोर्डने (खाली गोल बूड असलेली डगमगती फळी) खूप फरक पडला, त्यामुळे फालतू आहे असं नाही म्हणणार. पण बोर्डवर दोन-दोन मिनिटं उभा राहायचो आणि लोकलने झटका दिला की तरी धडपडायचो, कारण तिथे पटकन पाऊल टाकून सावरावं लागतं, ते बोर्डवर होतच नाही. काकूंकडून बाजूला, मागे पाऊल टाकायचा सराव करून घ्या, कोणीतरी जवळ उभं राहून.

उपवनवाली:
थँक्यू दोघांना. आज खुर्चीवर केलं, सहा वेळा नीट उठली, सातव्याला हात टेकला. चक्करचं विचारलं तर म्हणाली सकाळी बिछान्यातून उठल्यावर गरगरतं, बीपीची गोळी वाढवली तेव्हापासून. वर्षभरात हे कोणाला सांगितलंच नव्हतं तिने. उद्या आधी डॉक्टरकडे नेते, बोसू बंद.