पिग्मी कोरी मुंबईच्या उकाड्यात टिकतील का? पिल्लंही काढायची आहेत

चाळकरी:
नमस्कार मंडळी. लालबागला राहतो, माशांची दोन फुटी टाकी आहे, त्यात जावा मॉस (पाण्यातलं शेवाळासारखं झाड) आणि थोडे एम्बर टेट्रा मासे. क्रॉफर्ड मार्केटला पिग्मी कोरी (चिमुकले मिशाळ मासे) पाहिल्या आणि जीव जडला. एसी नाही. घ्याव्यात का, आणि किती? दुकानदार म्हणतो तळाची घाण खातात, वेगळं खाणं लागत नाही. जाणकारांनी सांगावं.

तळ्यात_मळ्यात:
कोरी घाणीवर जगत नाहीत हो, त्या सफाई कामगार नव्हेत! बुडणारं बारीक खाणं रोज द्या. वाढ जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर, त्यामुळे आठ-दहा तरी घ्या. दोन-तीनच आणल्या तर मॉसमागे दडून बसतात. बाकीच्या बहुतेक कोरी तळाशी असतात, या मात्र थव्याने मधल्या पाण्यात पोहतात, खरी मजा त्यातच. तळाला बारीक वाळू हवी, टोकदार खड्यांनी मिशा झिजतात. चौपाटीवरची वाळू अजिबात नको, त्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो.

बोरिवली_पूर्व:
माझं मत वेगळं. पिग्मीला २२ ते २६ अंश मानवतं. एसीशिवाय एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पाणी सहज तिशी गाठतं. त्यापेक्षा स्टर्बाय जातीची कोरी घ्या, ती उष्णता जास्त सोसते. पण ती मोठी होते, तेव्हा सहाच.

तळ्यात_मळ्यात:
मुद्दा बरोबर आहे, पण उपाय आहे. झाकण काढून जाळी टाका आणि पाण्यावर छोटा पंखा लावा. आपल्या दमट हवेत फार नाही, तरी एक-दोन अंश उतरतात. कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी, म्हणून एअर पंप रात्रीही चालू ठेवा. कोरी अधूनमधून वर येऊन हवा गिळते ते नेहमीचंच. सारखी येऊ लागली तर समजा, पाण्यात काहीतरी बिघडलंय. खरेदी मात्र पाऊस संपल्यावर करा, उन्हाळ्याआधी रुळतील. पोट खपाटीला गेलेल्या उचलू नका.

मॉसवाली:
पिल्लांचं मी सांगते. गोल पोटाच्या माद्या दिसल्या की आठवडाभर आर्टेमिया (बारीक कोळंबीसारखे जीव) चारा, मग दोन-तीन अंश गार पाण्याने थोडं पाणी बदला. पावसाळ्यात हे आपोआप जमतं. नळाच्या पाण्यात अँटी-क्लोरीन विसरू नका. मादी पोटाखालच्या परांत अंडं धरून काचेवर, मॉसवर चिकटवते. एम्बर टेट्रा ते फस्त करतील! काचेवरचं अंडं बोटाने हलकेच सरकवून त्याच टाकीच्या पाण्याच्या डब्यात घ्या, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडा, बदामाचं गळलेलं तपकिरी पान धुऊन टाका. पांढरं पडलेलं अंडं लगेच काढा, बुरशी शेजारच्यांनाही धरते. तीन-चार दिवसांत पिल्लं निघतात. पोटातला बलक संपला की मायक्रोवर्म (अगदी बारीक जंत) द्या.

चाळकरी:
ठरलं, पिग्मीच, पण ऑक्टोबरनंतर. बदामाची झाडं गल्लीत आहेत. मायक्रोवर्मचं कल्चर परळ-दादरकडे कुणाकडे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, येऊन घेऊन जाईन.