रोजच्या व्यायामासाठी स्वतःला बक्षीस द्यावे का?

राजारामपुरीकर
माझे वय ४४, काम दिवसभर खुर्चीवरचे. दिवाळीनंतर मी रंकाळ्याभोवती पहाटेची फेरी सुरू केली आणि सलग ३० दिवस पार पडले तर नवे घड्याळ घ्यायचे, असे ठरवले. तीस दिवस झाले, घड्याळ आले आणि त्यानंतरच्या आठवड्यातच पहाटे उठणे बंद झाले. मग दर रविवारी मिसळीचे बक्षीस लावले, तर एखादा दिवस चुकला की ‘आता मिसळ गेलीच’ म्हणून उरलेले दिवसही मी सोडून देऊ लागलो. बक्षिसाने व्यायामाची सवय लागते, की केवळ बक्षिसाची?

पंचगंगाकाठ
आपला दोष बक्षीस लावण्यात नसून अटीत आहे. ‘सलग’ या शब्दाने एका चुकीत सगळा डाव मोडतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांवर केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एखादी कृती अंगवळणी पडायला साधारणपणे ६६ दिवस लागले, तर व्यक्तीनुसार हा काळ १८ ते २५४ दिवस असा फार वेगवेगळा निघाला. मात्र एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा अडथळा आला नाही. तेव्हा तिसाव्या दिवशी आपली सवय बहुधा अर्धीकच्ची होती आणि नेमका तेव्हाच आपण हिशेब मिटवलात.

बक्षिसाने मूळची गोडी मरते असे सांगणारे लोक १९७३ च्या एका प्रयोगाचा दाखला देतात, ज्यात बक्षिसाचे आश्वासन देऊन चित्रे काढायला लावलेली मुले नंतर स्वतःहून कमी चित्रे काढू लागली. पण त्या मुलांना चित्रकलेची आवड आधीपासून होती. आपल्याला पहाटे उठण्याची गोडी मुळातच नाही (रागावू नये), त्यामुळे गमावण्यासारखे आपल्यापाशी काही नाही. उलट, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात महिनाभरात आठ वेळा व्यायामशाळेत येण्यासाठी विद्यार्थ्यांना पैसे दिले, तेव्हा पैसे थांबल्यावरही त्यांचे येणे आधीपेक्षा अधिक राहिले आणि हा फरक मुख्यतः पूर्वी नियमित न येणाऱ्यांत दिसला.

लाल माती
मी तरुणपणी तालमीत जात असे. तिथे महिनाअखेरचे बक्षीस कोणी ऐकलेले नव्हते. जोर-बैठका आणि लढत झाली की त्याच दिवशी थंडाई किंवा दूध मिळत असे, आणि दांडी मारली तर वस्ताद दुसऱ्या दिवशी चारचौघांत विचारीत. मेहनत आणि खुराक यांत तासाभराचेही अंतर नसे, म्हणून शरीराला दोन्हींची सांगड कळली. आपले घड्याळ तीस दिवस लांब होते आणि मिसळ सहा दिवस. फेरी संपताच मिळेल असे काही लहानसे ठेवावे: काठावर बसून चहा, किंवा सोबत्याशी पाच मिनिटे गप्पा. बक्षीस किलोमीटरवर किंवा वजनावर न ठेवता बूट घालून बाहेर पडण्यावर ठेवावे. कंटाळ्याच्या दिवशी दहा मिनिटे चाललात तरी चहा आपलाच.

दोघी जावा
आमच्या घरी उलटी पद्धत आहे. महिन्याच्या आरंभी आम्ही दोघी प्रत्येकी ३०० रुपये डब्यात टाकतो आणि जिचा दिवस चुकेल तिचे दहा रुपये दुसरीला मिळतात. हातचे जाण्याचा चटका मिळण्याच्या आनंदाहून मोठा असतो. अमेरिकेत २८१ कर्मचाऱ्यांना रोज ७,००० पावलांचे लक्ष्य देऊन केलेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातही, आधी जमा दाखवून चुकलेल्या दिवशी कापलेली रक्कमच अधिक प्रभावी ठरली होती. शिवाय ऐकण्याची कादंबरी आम्ही फक्त चालतानाच लावतो. अशा जोडीने सुरुवातीला उत्साह वाढतो, पण मोठ्या सुट्टीनंतर तो ओसरतो, हा आमचाही अनुभव आहे. गणपतीनंतर आम्हाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. जुलैच्या पावसाची सोयही आताच करून ठेवावी. आम्ही त्या दिवसांत जिन्याच्या चढउतारावर भागवतो.

राजारामपुरीकर
सर्वांचे आभार. सोमवारपासून शेजाऱ्यांसोबत निघतो, डबा त्यांच्याकडे राहील आणि फेरीनंतर काठावर चहा. मिसळ सोडणार नाही, पण ती आता बक्षीस नाही. रविवारी चाललो काय, न चाललो काय, खाणारच.