११० व्होल्ट वायरिंगचा मेगर शून्याजवळ, शोधायचं कुठून?

प्रश्न (पुणे): मेट्रो कोच बांधणीत ज्युनिअर इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे. ११० व्होल्ट डीसी कंट्रोल वायरिंगला ५०० व्होल्टने मेगर केलं (म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजला), रीडिंग जवळपास शून्य. सुरुवात कुठून करू?

उत्तर: आधी सांगा, कंट्रोल युनिट, दरवाजांचे कंट्रोलर, एलईडी ड्रायव्हर यांचे कनेक्टर काढले होते का? नसतील तर रीडिंग निरर्थक, आणि त्यांतली इलेक्ट्रॉनिक कार्डं उडतील ते वेगळंच. मग टर्मिनलवर सर्किट निम्मं-निम्मं सुटं करत मोजा. केबल पत्र्याच्या भोकातून ग्रोमेटशिवाय (भोकाच्या कडेला बसवायची रबरी रिंग) गेली असेल तर तिथेच सोललेली सापडते.

उत्तर: शिल्डचे (केबलवरच्या धातूच्या जाळीचे) सुटे तंतूही बघा, पिनला टेकतात. पावसाळ्यात कनेक्टरमध्ये ओल धरते. गरम हवेने सुकवून पुन्हा मोजा. आणि हो, प्रत्येक मोजणीनंतर केबल डिस्चार्ज करा.

प्रश्नकर्ता: एलईडी ड्रायव्हर जोडलेलेच होते! काढून मोजतो.