डायलिसिसच्या रुग्णांच्या प्रवासासाठी समाजमाध्यमांवरून निधी कसा उभारावा?

खाडीकाठ (धागाकर्ता)

आमचे गाव गुहागर तालुक्यात आहे. आमच्या व शेजारच्या गावांतील मिळून पाच रुग्णांना डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा चिपळूणला जावे लागते. उपचारांचा खर्च शासकीय योजनेतून भागतो. परंतु अंतर सुमारे ४५ किलोमीटर असून, चार तास यंत्राला जोडून राहिल्यावर एस.टी.च्या गर्दीतून घरी परतणे साठी उलटलेल्या माणसाला झेपत नाही. पाचही जणांसाठी एक गाडी महिन्याच्या बोलीवर ठरवल्यास २६,००० रुपये लागतील. एवढी वर्गणी गावात दरमहा जमणार नाही, म्हणून व्हॉट्सॲप व फेसबुकवर आवाहन करावे, असे तरुण मंडळींचे म्हणणे आहे. पैसे कोणाच्या खात्यात घ्यावेत, आवाहनात काय लिहावे आणि मिलाप, केटो यांसारख्या ऑनलाइन निधी गोळा करून देणाऱ्या संकेतस्थळांचा आधार घ्यावा का, याविषयी कृपया सल्ला द्यावा.

माजी_खजिनदार

आधी खात्याचे ठरवा, मजकुराचे नंतर पाहता येईल. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर आम्ही घाईने माझ्याच खात्याचा क्यूआर कोड सगळीकडे पाठवला. पैसे आले, परंतु घरखर्च आणि मदत एकाच पासबुकात मिसळल्यामुळे हिशेब लावण्यात दोन महिने गेले आणि ज्यांच्याबरोबर लहानाचा मोठा झालो त्यांच्या मनातही शंका आली. शिवाय नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात ५०,००० रुपयांहून अधिक रक्कम व्यक्तीच्या खात्यात आली, तर ती त्या व्यक्तीचे करपात्र उत्पन्न ठरू शकते. आपल्याकडे बहुतेक गावांचे मुंबईत ग्रामस्थ मंडळ असते. ते नोंदणीकृत असल्यास त्याच्या खात्यात पैसे घ्यावेत. तसे नसल्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क नुसार धर्मादाय कार्यालयाकडे रीतसर अर्ज करावा. गणेशोत्सव मंडळे वर्गणीसाठी घेतात, तीच ही परवानगी.

८०-जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, देणगीवरील आयकर सवलतीचा आवाहनात फार गाजावाजा करू नये. नवी करप्रणाली निवडलेल्यांना ती मिळत नाही आणि २,००० रुपयांवरील रोख देणगीला तर कोणालाच मिळत नाही.

आखातातला_कोकणी

परदेशातील गाववाल्यांबाबत एक खबरदारी घ्यावी. माझ्यासारख्या भारतीय पारपत्रधारकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी देणगी मानले जात नाहीत. मात्र ज्याने अमेरिकेचे किंवा ब्रिटनचे नागरिकत्व घेतले आहे, तो जन्माने गुहागरचा असला तरी कायद्याच्या दृष्टीने विदेशी स्रोत ठरतो आणि विदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी अथवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला त्याचे पैसे घेता येत नाहीत. हे आवाहनातच स्पष्ट लिहावे, म्हणजे पुढे कोणाची देणगी परत करण्याचा अवघड प्रसंग येणार नाही.

वाडीवरची

महिन्याला साधारण तेरा फेऱ्या होतात, म्हणजे एका फेरीला २,००० रुपये पडतात. आवाहनात २६,००० हा आकडा पुढे न करता 'एक फेरी आपली' असे मागावे. आईच्या वर्षश्राद्धाला किंवा मुलाच्या वाढदिवसाला एक फेरी देणारा चाकरमानी नक्की भेटतो, हा आमच्या वाडीतील शाळेच्या वह्यांसाठी केलेल्या निधीचा अनुभव आहे. २०१४ साली बर्फाच्या पाण्याची बादली डोक्यावर ओतून घेण्याच्या आव्हानातून अमेरिकेतील एएलएस (स्नायू निकामी करणारा मज्जातंतूंचा आजार) संस्थेला सुमारे ११.५ कोटी डॉलर मिळाले, पण पुढच्या वर्षी तेच पुन्हा केल्यावर त्याचा लहानसा अंशही जमला नाही. तुम्हाला लाट नको आहे, दरमहा तेरा माणसे हवी आहेत. म्हणून संकेतस्थळांच्या फंदात पडू नये, असे माझे मत आहे. रुग्णालयाचे एकरकमी मोठे बिल भरायचे असेल, तर ती उपयोगी पडतात.

व्हॉट्सॲपच्या प्रसारण यादीत २५६ जण बसतात, परंतु ज्यांच्या फोनमध्ये तुमचा क्रमांक जतन केलेला आहे त्यांनाच तो संदेश पोहोचतो. त्यापेक्षा दहा जणांनी आपापल्या ओळखीच्या दहा जणांना नावानिशी लिहावे. आणि कृपा करून नळ्या लावलेल्या आजोबांचे छायाचित्र टाकू नये. ते छायाचित्र त्यांच्या नातवंडांच्या वर्गातल्या मुलांपर्यंतही जाईल. गाडीचे छायाचित्र आणि दर महिन्याच्या पाच तारखेला पावत्यांसह हिशेब, एवढे पुरेसे आहे.

खाडीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. 'एक फेरी आपली' हे शब्द तसेच वापरतो. आमचे मुंबई मंडळ नोंदणीकृत आहे, परंतु त्याच्या घटनेत शैक्षणिक व सांस्कृतिक एवढीच उद्दिष्टे दिलेली आहेत. त्यात रुग्णांचा प्रवास बसेल का?

माजी_खजिनदार

नाही, उद्दिष्टाबाहेर खर्च केल्यास विश्वस्त अडचणीत येतील. घटनादुरुस्तीचा ठराव मंडळाच्या पुढील सभेत जरूर मांडा, परंतु त्याला वेळ लागेल. तोवर गावात पाच जणांची समिती करून कलम ४१ क चा अर्ज द्या आणि परवानगी मिळाल्यावर दोघांच्या सह्यांनी चालणारे स्वतंत्र खाते उघडा. गणपतीला चाकरमानी येण्यापूर्वी हे झाले, तर पहिल्या वर्षाच्या बऱ्याचशा फेऱ्या आरतीनंतर समोरासमोरच ठरतील.