मदत हवी आहे: अध्यासनासाठी देणगी देताना करारात काय लिहून घ्यावे?

नमस्कार मंडळी. आमच्या दिवंगत मावशीच्या नावाने एका विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे अध्यासन (म्हणजे देणगीच्या निधीतून चालणारे प्राध्यापकपद) सुरू करायचे घरात पक्के ठरले आहे. कराराचा मसुदा हातात आलाय, पण तो वाचून प्रश्नच जास्त पडलेत.

मूळ रक्कम कायम गुंतवलेली राहणार आणि दरवर्षी त्यातले साधारण ४ ते ५ टक्केच खर्चाला काढणार, हे समजले. महागाईत निधी झिजू नये म्हणून ते योग्यच. पण प्राध्यापकाची नवी जागा निर्माण होणार, की विद्यापीठ आपला वाटा काढून घेऊन आमच्या पैशावर जुनीच जागा चालवणार? मसुद्यात याबद्दल अवाक्षर नाही! जागा रिकामी राहिली, तर तेवढ्या काळातले उत्पन्न मुद्दलात जमा व्हावे असे कलम घालता येते का?

निवडीत आम्हाला ढवळाढवळ करायची नाही, देणगीदाराने ती करूही नये. विषयाची व्याख्या मात्र किती सैल ठेवावी? केंब्रिज विद्यापीठातले गणिताचे ल्युकेशियन अध्यासन हेन्री ल्यूकस यांच्या मृत्युपत्रातून १६६३ साली उभे राहिले, त्यावर न्यूटन होते, आणि ते आजही चालू आहे. इतके टिकणारे कलम कसे लिहितात?

देणगीदार म्हणून किंवा विद्यापीठाच्या बाजूने कुणी असे करार हाताळले असतील, तर कृपया नेमकी शब्दरचना सांगा.