सील तुटलं की वॉरंटी गेली? मशीन नेमकं कुणाचं?

अक्कलकोट रोड
एमआयडीसीत आमचं टॉवेलचं छोटं युनिट आहे. डिझाइनचा कॉम्प्युटर भिंतीपलीकडे ठेवलाय, तरी मागांची रुई आत शिरतेच. पंख्यावर, उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकवर तिचा थर बसतो आणि वर सोलापूरचा मे महिना. मशीन तापून बंद पडायला लागलं म्हणून पोरानं साइड पॅनेल काढून ब्लोअर मारला. पुढं काही दिवसांनी पॉवर सप्लाय गेला. कंपनीनं आत न बघताच सांगितलं, स्क्रूवरचं स्टिकरचं सील तुटलंय, वॉरंटी संपली.

माझं म्हणणं एवढंच: उघडल्यामुळंच बिघाड झाला हे कंपनीनं दाखवावं. पैसे मोजून घेतलेलं मशीन साफ करायला परवानगी कसली?

काउंटरपलीकडून
मी सर्व्हिस सेंटरमध्ये काम करतो, त्यामुळं शिव्या खायची सवय आहे. ब्लोअर जवळून मारला की पंखा नको तितका गरगरतो, बेअरिंग जातं. केसमधली रुई कधीकधी थेट पॉवर सप्लायच्या जाळीत जाऊन बसते. तुमच्या बाबतीत तसं झालं नसेलही. पण लांब स्क्रू घुसवून बोर्ड फोडलेले, कनेक्टर वायरीला धरून उपटलेले लॅपटॉप येतात आणि सगळ्यांचं एकच, "आम्ही हातच लावला नाही." फुगलेली बॅटरी स्क्रूड्रायव्हरनं उचकटणारेही बघितलेत. ती पेटली तर कोण जबाबदार? प्रत्येक मशीनची चिरफाड करून कारण शोधायचं तर तो खर्च शेवटी गिऱ्हाइकाच्याच किमतीत येणार.

नवी पेठेतला रिपेअरवाला
बॅटरीचं पटलं. पण रॅम बदलायला, धूळ काढायला कुठली आग लागते ओ? सील सुरक्षेसाठी असतं तर ते फक्त बॅटरीवर आणि पॉवर सप्लायच्या डब्यावर लावलं असतं. ते बाहेरच्या स्क्रूवर असतं, म्हणजे आमच्यासारख्याकडं कुणी येऊच नये.

गाड्यांच्या बाबतीत हा वाद आधी होऊन गेलाय. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड लावला. बाहेरच्या गॅरेजात गाडी नेली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, चुकीच्या दुरुस्तीनं जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच नाकारा, असं आदेशात होतं. अमेरिकेत तर १९७५ पासून वॉरंटीचा कायदा आहे. तिथल्या व्यापार आयोगानं २०१८ साली अशाच अटींवरून सहा कंपन्यांना पत्रं धाडली, त्यात हे सीलचे स्टिकरही होते.

काउंटरपलीकडून
गाड्यांच्या त्या आदेशावर कंपन्या अपिलात गेल्या, तेही लिहा की. आणि कार म्हणजे कॉम्प्युटर नव्हे.

कोर्टाच्या वाटेवर
थोडं कायद्याचं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्यायकारक कराराची व्याख्या आहे. पण वॉरंटीची अटच अन्यायकारक आहे असं म्हणायचं तर जिल्हा ग्राहक आयोग ऐकत नाही, राज्य आयोगाकडं जावं लागतं. त्यापेक्षा सदोष वस्तू, सेवेत त्रुटी अशी तक्रार करा. कंपनीचं ऑफिस कुठंही असू दे, आता आपण राहतो तिथल्या जिल्ह्यात दावा लावता येतो. मुदत दोन वर्षं. गरज पडली तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, म्हणजे ब्लोअर की मूळ दोष, याचा निकाल तिथं लागेल. बिघडलेला पॉवर सप्लाय भंगारात टाकू नका.

अडचण वेगळीच आहे. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार या कायद्यात ग्राहकच धरला जात नाही. स्वयंरोजगारानं पोट भरण्यासाठी घेतली असेल तर मात्र सूट आहे. सुप्रीम कोर्टानं १९९५ साली सांगितलंय की स्वतः मशीनवर बसून हाताशी एक-दोन माणसं घेतली तरी तो स्वयंरोजगारच.

अक्कलकोट रोड
डिझाइनला मी आणि पोरगा दोघंच बसतो. मागांवर कामगार आहेत.

नवी पेठेतला रिपेअरवाला
म्हणजे सोलापुरातले निम्मे कारखानदार ग्राहकच नाहीत! छान आहे. सरकारनं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती वस्तू, गाड्या आल्या. आमच्या कामाचं तिथं काय आहे ते शोधतोच एकदा.

काउंटरपलीकडून
दावा लावण्याआधी एक करा. सील तुटलं म्हणून वॉरंटी नाकारली, हे जॉबशीटवर लेखी मागा. तोंडी नकार कुणीही देतं, लिहून द्यायची वेळ आली की वरिष्ठ मशीन उघडून बघायला तयार होतात. हे मी सांगितलं म्हणून कुठं बोलू नका.

कोर्टाच्या वाटेवर
बरोबर आहे. आणि बिल कुणाच्या नावावर आहे? फर्मच्या नावावर असून जीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल, म्हणजे भरलेला कर धंद्याच्या करातून वळता केला असेल, तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला तेच व्यापारी खरेदीचा पुरावा म्हणून पुढं करेल.

अक्कलकोट रोड
घेतलंय.