लेर्ना : हायड्राच्या कथेसाठी एक सकाळ द्यावी का?

काटोलकडचा
नमस्कार मंडळी. मी काटोल तालुक्यातील निवृत्त शिक्षक आहे. एप्रिलमध्ये मुलगी व जावई यांच्यासोबत ग्रीसला जाण्याचे ठरले असून, अथेन्सनंतर आमचा मुक्काम नाफ्प्लिओ येथे आहे. मायसीनी आणि टिरिन्स ही कांस्ययुगातील तटबंदीची ठिकाणे पाहायचीच आहेत. प्रश्न आहे तो लेर्नाचा. ग्रीक पुराणकथेत हर्क्युलिसने हायड्रा या अनेक तोंडांच्या सर्पाला मारले ते हेच ठिकाण, आणि ती कथा मी वर्गात अनेकदा सांगितली असल्यामुळे तिथे जाण्याची ओढ आहे. परंतु तिथे भव्य असे काहीच उरलेले नाही, असे जावयांचे म्हणणे आहे. एक सकाळ द्यावी का, आणि दिली तर नेमके काय पाहावे?

वर्धाकाठ
गुरुजी, अवश्य जा. मात्र हायड्रा शोधायला जाऊ नका, घर पाहायला जा. लेर्ना म्हणजे आर्गोस शहराच्या दक्षिणेला, मिली गावालगत, समुद्राजवळ असलेले पांढरीचे, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचे टेकाड. तिथे नवाश्मयुगापासून वस्ती होती. जॉन कॅस्की यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकन पुरातत्त्वज्ञांनी १९५२ ते १९५८ या काळात तिथे उत्खनन केले, तेव्हा सुमारे २५ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद अशी एक दुमजली वास्तू सापडली. दगडी पाया, त्यावर कच्च्या विटांच्या भिंती आणि छपरावर भाजलेल्या मातीची कवेलू. इसवी सनापूर्वी २२०० च्या सुमारास हे घर आगीत कोसळले, म्हणजे मायसीनीचे सिंहद्वार उभे राहण्याच्या जवळजवळ हजार वर्षे आधी.

त्या आगीनेच एक मोठा ठेवा आपल्या हाती दिला. रांजण आणि पेट्या बंद करताना त्यांवर ओल्या मातीचा गोळा लावून मुद्रा उमटवण्याची तेथील रीत होती. ही कच्ची माती एरवी विरघळून गेली असती, पण आगीत भाजली गेल्याने असे शंभराहून अधिक ठसे टिकले. तिथे लेखन नसलेल्या त्या काळात कोणाचा माल कोठे साठवला, याची मोजदाद ठेवणारी व्यवस्था त्यांतून दिसते. मला तर हे कोणत्याही राक्षसापेक्षा अधिक विलक्षण वाटते. पुढे लोकांनी जळालेल्या घराचा ढिगारा सारखा करून त्यावर बुटका उंचवटा रचला, भोवती दगडांचे कडे घातले, आणि काही काळ त्या जागेवर घर बांधले नाही.

काटोलकडचा
दगडांचे कडे म्हणजे आपल्याकडे जुनापाणीला आहेत तशी शिळावर्तुळे का?

पांढरीचा वाटसरू
दिसायला जवळची, पण संबंध जोडू नये. जुनापाणी आणि माहुरझरीची शिळावर्तुळे लोहयुगातील दफनांची आहेत. लेर्नाचे कडे त्याहून हजारभर वर्षे जुने असून ते एका जळालेल्या घरावर घातलेले आहे. दोन्हीकडे जागेची सीमा दगडांनी आखली, एवढेच म्हणता येते.

हायड्राबाबतही हाच संयम हवा. कथेत हर्क्युलिसचा पुतण्या इओलाओस पेटत्या कोलितांनी सर्पाच्या माना डागतो, म्हणून ती आग आणि ही आग एकच, असे कोणी सांगितले तर मानू नये, कारण कथेचा सर्वांत जुना लिखित उल्लेख घर जळाल्यानंतर सुमारे पंधराशे वर्षांनी येतो. कथेचे खरे मूळ तेथील झऱ्यांत आणि दलदलीत शोधणे अधिक योग्य आहे. दुसऱ्या शतकातील प्रवासी पॉसेनियस याने तेथील झऱ्याजवळचे चिनाराचे झाड नोंदवले आहे आणि हायड्राला मुळात एकच तोंड असावे, बाकीची कवीने वाढवली, असे स्पष्ट मतही दिले आहे. जवळच्या अल्किओनियन तळ्यात सम्राट नीरोने शिसे बांधलेले लांबच लांब दोर सोडले तरी तळ लागला नाही, हेही त्यानेच लिहिले. कौंडिण्यपूरला उभे राहून रुक्मिणीहरण आठवणे वेगळे आणि तेथील उत्खननात त्याचा पुरावा मागणे वेगळे, हे आपण जाणतोच.

वर्धाकाठ
वरच्या उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. व्यवहाराचे सांगायचे तर नाफ्प्लिओहून गाडीने आर्गोसच्या आखाताला वळसा घालून लवकरच पोहोचता येते. कवेलूंच्या घरावर संरक्षक छप्पर आहे. त्याखाली भिंतींचे पाये, खोल्यांची रचना आणि मधले अरुंद बोळ नीट पाहा, कारण वरच्या मजल्याचे जिने त्या बोळांतच होते. लेर्नाच्या वस्तू आर्गोसच्या संग्रहालयात ठेवलेल्या आहेत. ते त्या दिवशी उघडे आहे की नाही, हे निघण्यापूर्वी विचारून घ्या. टिरिन्स नाफ्प्लिओच्या अगदी जवळ असल्यामुळे ते त्याच दिवशी, परतताना करता येईल. मायसीनीला मात्र स्वतंत्र दिवस द्या.